पडायची जागा आधी शोधा

दर वर्षी फेब्रुवारी आला की कुणी ना कुणी पालक विचारतात, "बाई, मुलाने ग्लायडर केलंय, कुठे उडवायचं?" बहुतेकांच्या मनात जागा ठरलेली असते. घराजवळचं मैदान. मोकळं आहे, सपाट आहे, जायला सोपं आहे. मी त्यांना एकच विचारते: तिथे एका दुपारी ते ग्लायडर किती वेळा पडेल आणि किती वेळा पुन्हा उडेल?

मी रत्नागिरीत २८ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. त्यातली १९ वर्षं आठवी-नववीच्या मुलांबरोबर थर्माकोलची शीट, बांबूच्या कामट्या आणि सुतळी घेऊन ग्लायडर बनवले. सव्वा मीटर पंखांचे, तीनशे-साडेतीनशे ग्रॅम वजनाचे. पहिल्या वर्षी आम्ही ११ ग्लायडर एका शाळेच्या मैदानावर नेले. मैदान छान मोठं होतं, पण तीन बाजूंनी सुरूची झाडं आणि चौथ्या बाजूला दुमजली इमारत. तासाभरात ९ ग्लायडरची नाकं मोडली. मुलांना वाटलं, आपलंच चुकलं. पंख पुन्हा मोजले, वजनं पुन्हा लावली. दोष त्यांच्या हातात नव्हताच, मी निवडलेल्या जागेत होता. त्या संध्याकाळी घरी येऊन मी राइट बंधूंनी जागा कशी शोधली ते मुळापासून वाचायला घेतलं, आणि तेव्हापासून जागा त्यांच्या रीतीने निवडते.

ओहायो राज्यातल्या डेटन गावी त्यांचं सायकलचं दुकान होतं. विल्बर राइटला एक गोष्ट फार खटकत होती. जर्मनीच्या ओटो लिलिएनथालने पाच वर्षांत हजारो उड्डाणं केली, तरी प्रत्येक उड्डाण काही सेकंदांचंच. विल्बरचा हिशेब असा, की या सगळ्याची बेरीज केली तर माणूस प्रत्यक्ष हवेत होता तो जेमतेम पाच तास. पाच तासांच्या सरावावर कुणाला रहदारीतून सायकल नेता येईल का? म्हणजे अडचण यंत्राची होती तेवढीच सरावाची होती, आणि सराव मिळणार की नाही हे जागेवर ठरणार होतं. जोराचा, एकसारखा वारा असला तर ग्लायडर पतंगासारखं दोरीवर धरून माणसाला त्यात तासन् तास ठेवता येईल, अशी त्याची कल्पना होती. म्हणून त्याने शोधायला घेतलं ते मैदान नव्हे, वारा.

शोधण्याची पद्धत बघा, ती आजही तशीच्या तशी वापरता येते. त्याने अमेरिकेच्या हवामान खात्याला पत्र लिहून वाऱ्याचे आकडे मागवले. ऑक्टाव्ह शनूट हे शिकागोचे वयस्कर अभियंते ग्लायडरच्या प्रयोगांत मुरलेले होते, त्यांचा सल्ला घेतला. त्यांनी सुचवलेल्या काही ठिकाणी वारा होता, पण वाळूच्या टेकड्या नव्हत्या. मग आकड्यांमधून नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचं किटी हॉक हे नाव पुढे आलं, तेव्हा तिकडे जायच्या आधी विल्बरने तिथल्या हवामान केंद्राला थेट पत्र टाकलं. केंद्रावरच्या जोसेफ डोशर यांनी १६ ऑगस्ट १९०० ला उत्तर दिलं: किनारा सुमारे मैलभर रुंद आहे, झाडं किंवा उंच टेकड्या आड येत नाहीत, असाच साठेक मैल पसरलाय, सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा बहुतेक उत्तरेचा आणि ईशान्येचा, आणि भाड्याने घर मिळणार नाही, तंबू आणा. डोशर यांनी विल्बरचं पत्र गावात टपालाचं काम पाहणाऱ्या विल्यम टेट यांनाही दाखवलं. टेट यांनी दोन दिवसांनी स्वतःहून लिहिलं. पाच मैल लांब, मैलभर रुंद वाळूची पट्टी, मधोमध ८० फूट उंचीची बोडकी टेकडी, वाऱ्याची सलगता मोडेल असं झाड नाही की झुडूप नाही, वारा बहुतेक ताशी १० ते २० मैलांचा. शिवाय टपाल येतं, तारेची सोय आहे, गावातली माणसं अगत्याची आहेत.

जागेबद्दल विचारायचं ते सगळं या दोन पत्रांत आलं आहे. तुम्हीही जागा बघायला निघायच्या आधी तिथल्या कुणाला तरी विचारा, आणि नेमकं विचारा. "तिकडे वारा असतो का?" असं विचारलं तर सगळेच "भरपूर" म्हणतात. मी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, गुरं चारणाऱ्या एका मामांना विचारलं होतं, "पाऊस संपल्यावर दुपारी तुम्ही पाठ कुठल्या बाजूला करून बसता?" त्यांनी हाताने दाखवलं, वायव्येला पाठ. "आणि ऊन उतरल्यावर?" तरी तीच. "आणि अगदी सकाळी?" तेव्हा मात्र ते थांबून म्हणाले, सकाळी वारा डोंगराकडून येतो, तोही मरगळलेला. तीन उत्तरांत खारा वारा आणि मतलई वारा दोन्ही समजले, वेळाही समजल्या. माडावर चढणारे, होडीवर जाणारे, छपरं शाकारणारे, यांना वाऱ्याबद्दल जे कळतं ते कुठल्याही फोनवर मिळत नाही.

मग स्वतः जाऊन मोजा. यंत्र नसलं तरी चालतं. मी शेवरीचा कापूस डबीत भरून नेते. जमिनीवर १० मीटर अंतर मोजून दोन कामट्या रोवायच्या, वाऱ्याच्या दिशेने. पहिल्या कामटीपाशी डोक्याच्या उंचीवरून कापसाची चिमूट सोडायची, दुसरीपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते बघायचं. दोन सेकंद लागले तर सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. असं दहा मिनिटांत वीस वेळा करा आणि वीसही आकडे लिहून ठेवा. सरासरी काढून बाकीचे खोडू नका. आमच्या त्या पहिल्या मैदानावर सरासरी ताशी १४ आली असती, पण त्यात एकदा ४ होती आणि एकदा ३०. अशा वाऱ्यात कुठलंही ग्लायडर आपटणार. सड्यावर सरासरी १९ होती, पण सगळे आकडे १६ ते २३ च्या आत. सरासरीपेक्षा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यातला फरक महत्त्वाचा.

विल्बर-ऑरव्हिललाही सरासरीने चकवलंच. किटी हॉकला पोचल्यावर कळलं, की महिन्याची सरासरी म्हणजे काही दिवस पान हलत नाही आणि काही रात्री तंबू उडून जाऊ नये म्हणून उठून दोघांनी तो धरून बसायचं. म्हणून एकाच दिवशी जाऊन जागा पक्की करू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी जा, आणि ज्या महिन्यात उडवायचं त्याच महिन्यात जा. ऋतू बदलला की जागाच बदलते. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, पण तेच जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं आणि तेवढे महिने टाटांची विमानं पुण्याहून उडायची.

वाऱ्याचा वेग कळला, आता त्याची घडण बघा. यासाठी चार मीटरचा बांबू घ्या. त्याला गुडघ्याच्या उंचीवर, डोक्याच्या उंचीवर आणि टोकाला अशा तीन हलक्या फिती बांधा. साडीच्या फॉलची पट्टी यासाठी उत्तम. बांबू उभा धरून जागेवर चालत फिरा. तिन्ही फिती एकाच दिशेला, ताणलेल्या राहिल्या तर तिथला वारा स्वच्छ. वरची ताठ आणि खालची गिरक्या घेतेय, किंवा खालची उलटीच वळली, तर तुम्ही भोवऱ्यात उभे आहात. झाड, भिंत, बांध, कशाच्याही मागे असा भोवरा असतो आणि तो दिसतो त्यापेक्षा फार लांबवर जातो. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतर मी सोडते. १२ मीटरच्या सुरूमागे १२० मीटर सोडायचे म्हटल्यावर शाळेच्या मैदानात काय उरणार? टेट यांनी "झुडूपही नाही" हे मुद्दाम लिहिलं त्याचं मोल असं फितीवर दिसतं.

समुद्रकिनाऱ्याबद्दल इथे एक सांगायला हवं, कारण सगळ्यांना तोच सुचतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा खरोखर सुरेख असतो, मैलोन् मैल आड काही नाही. पण किनाऱ्याच्या मागे सुरूचं बन असेल तर बनाजवळ तोच वारा अडून वर उसळतो, आणि सकाळी मतलई वारा बनावरूनच येतो तेव्हा सगळा किनारा भोवऱ्यात असतो. म्हणून दुपारी, पाण्याच्या बाजूला, आणि ओहोटी असताना. कोरडी वाळू उडून घोट्यांना टोचायला लागली की वारा ताशी २०-२५ किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. मुलांच्या हलक्या ग्लायडरला तेवढ्यावर थांबायचं.

आता उतार. सपाट जागा हवी असं वाटतं, पण सुरुवातीला इंजिन नसलेल्या यंत्राला सपाट जागा काही देत नाही. लिलिएनथालने यावर जेवढा विचार केला तेवढा त्याच्याआधी कुणीच केला नव्हता. तो निरनिराळ्या ठिकाणी गेला. बर्लिनजवळ एका टेकाडावर त्याने शेड बांधली आणि तिच्या छपरावरून उड्या घेतल्या. पण अशा जागेचा वापर वारा समोरून असेल तेव्हाच. म्हणून १८९४ मध्ये त्याने लिख्टरफेल्डला वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची १५ मीटर उंच, शंकूच्या आकाराची टेकडी उभी केली. शंकू अशासाठी, की वारा कुठूनही आला तरी त्याला सामोरं धावत सुटता यावं. माथ्यावरच ग्लायडर ठेवायची खोली होती. लांब उड्डाणांसाठी तो ऱ्हिनोच्या टेकड्यांवर जायचा, तिथे २५० मीटरपर्यंत गेला. त्याच परिसरातल्या गोलेनबर्ग टेकडीवर ९ ऑगस्ट १८९६ ला हवेत त्याचं ग्लायडर थबकलं, तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. हे वर्गात सांगताना माझा आवाज अजूनही हलतो.

त्याच्यापासून घ्यायचं ते हे: उतार नेहमी वाऱ्याला तोंड करून, आणि पहिली उड्डाणं जमिनीच्या अगदी जवळून. किती उतार हवा ते तुमचं ग्लायडरच सांगेल. बंद हॉलमध्ये, वारा नसताना, खांद्याच्या उंचीवरून ते हलकेच सोडा. दीड मीटरवरून सोडलेलं ९ मीटरवर टेकलं, तर त्याचं प्रमाण एकास सहा. मग साधारण तेवढाच उतार शोधा, म्हणजे ६ मीटर चाललं की १ मीटर खाली. मोजायला गवंडी पातळी धरतात ती पाण्याची नळी आणि टेप पुरते. अशा उतारावर ग्लायडर सगळा वेळ जमिनीपासून हातभर उंचीवर राहतं. उताराला धडकून वर चढणारा वारा त्याला आणखी उचलून धरतो. काही बिघडलं तर पडणार ते हातभरच. राइट बंधूंची किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल हिल्सची मोठी टेकडी सुमारे १० अंश उताराची, म्हणजे जवळपास याच प्रमाणातली. ते मुद्दाम जमिनीलगत सरकत जायचे.

एक सावधगिरी. सड्याच्या टोकावर, जिथे कडा तुटतो, तिथे वारा प्रचंड उचलतो आणि मुलं तिकडेच ओढली जातात. तिथे उभं राहू देऊ नका. पडायची भीती आहेच, शिवाय कड्याच्या लगेच मागे हवा उलटी फिरते. बांबू घेऊन गेलात तर खालची फीत समुद्राकडे वळलेली दिसेल. सौम्य, गोलसर पाठ असलेला उतार बघा.

समोरच्या वाऱ्याचा फायदा आकड्यांत बघायचा तर राइट बंधूंचं इंजिनासह पहिलं उड्डाण घ्या, १७ डिसेंबर १९०३ चं. १२ सेकंदांत १२० फूट, म्हणजे जमिनीवरून सेकंदाला १० फूट. समोरून येणारा वारा सेकंदाला ३५ फुटांहून जास्त. पंखांना मिळाले ४५ फूट, आणि जमिनीला मात्र कळले फक्त १०. सायकल रमतगमत चालवावी तेवढ्या वेगाने ते यंत्र वाळूला टेकलं. तेच वारा नसताना उतरलं असतं तर साडेचारपट वेगाने आपटलं असतं. मुलांना हे पटवायला मी एकाच ग्लायडरला आधी वाऱ्याच्या दिशेने आणि मग वाऱ्यासमोर सोडून दाखवते. फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

आणि पडायची जमीन. किटी हॉकला वारा मिळाला आणि वाळूही मिळाली, आणि ऑरव्हिलने बहिणीला लिहिलेल्या पत्रात या दोन्हींचं नाव एका दमात घेतलं आहे. १९०२ च्या हंगामात त्यांनी ७०० ते १००० वेळा ग्लायडर उडवलं, त्यातही दोन दिवसांत सुमारे २५० वेळा. हे खडकावर झालं असतं का? याच्या समोर सॅम्युएल लँगली यांचा प्रयोग ठेवून बघा. ते मोठे शास्त्रज्ञ, स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांनी पोटोमॅक नदीत घरनावेच्या छपरावरून यंत्र फेकायची योजना केली. विचार चुकीचा नव्हता: नाव वाऱ्याकडे वळवता येते आणि पाणी मऊ. त्यांची बिनमाणसाची मोठी प्रतिकृती १८९६ मध्ये त्याच नदीवरून छान उडाली होती. पण माणसासह यंत्र १९०३ मध्ये ७ ऑक्टोबरला पाण्यात पडलं, ते दुरुस्त करून पुन्हा सोडायला ८ डिसेंबर उजाडला, आणि ते पुन्हा पडलं. चालक चार्ल्स मॅनली दोन्ही वेळा वाचले. पण दोन महिन्यांत दोन प्रयत्न. त्या जागेत शिकायला वेळच नव्हता. मी पालकांना तो प्रश्न विचारते तो यामुळे.

आपल्याकडे कोकणात सड्याचा जांभा दगड ग्लायडरला कानशीसारखा घासतो. पण पाऊस संपल्यावर, कापणीच्या आधी, त्याच सड्यावर गुडघाभर गवत असतं, आणि ते वाळूपेक्षाही मऊ. आमचा हंगाम म्हणूनच ऑक्टोबरचा शेवट ते गवत कापेपर्यंत. जमीन ज्यांची आहे त्यांना आधी विचारा आणि गवत तुडवलं जाईल हे स्पष्ट सांगा. फेब्रुवारीनंतर गवत नसतं, तेव्हा आम्ही किनाऱ्यावर जातो. जमिनीची पारख सोपी आहे: बंद मुठीने तीन-चार ठिकाणी जोरात दाबून बघा. तुमचा हात दुखला तर कामटी मोडेल.

माणसांचं आता थोडक्यात, पण हे वगळू नका. शनूट यांनी १८९६ मध्ये मिशिगन सरोवराकाठी मिलर इथल्या वाळूच्या टेकड्यांवर तळ टाकला, तर बघे आणि बातमीदार जमले, म्हणून पुढच्या खेपेला ते आणखी आडबाजूला गेले. इंग्लंडमध्ये पर्सी पिल्चरचं उलट झालं. ३० सप्टेंबर १८९९ ला त्याने पाहुणे बोलावले होते. नवं इंजिनाचं यंत्र बिघडलं होतं, हवा पावसाळी होती, तरी लोक निराश होऊ नयेत म्हणून त्याने जुनं ग्लायडर उडवलं. हवेत शेपटीचा भाग तुटला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय ३२. पहिल्या दिवशी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना बोलावू नका. लोक बघत असले की मूल "आज वारा बरोबर नाही" असं म्हणत नाही.

पण अगदी निर्जन जागाही नको. किटी हॉकला मदतीचे हात होते. जवळच्या जीवरक्षक ठाण्यातली माणसं यंत्र उचलायला यायची. ग्लायडरचं कापड पुन्हा शिवायला विल्बरला टेट यांच्या घरचं शिवणयंत्र मिळालं, आणि तो हंगाम संपल्यावर टाकून दिलेल्या ग्लायडरच्या त्याच कापडाचे टेट यांच्या मुलींना झगे झाले. तुमच्या जागेपासून पंधरा मिनिटांवर फेविकॉल, सुतळी आणि पाणी मिळेल असं घर हवं. विमानतळाच्या, हेलिपॅडच्या आणि विजेच्या तारांच्या आसपास तर अजिबात जाऊ नका.

ग्लायडर वीस-तीस वेळा नीट उतरायला लागलं, की मग जागा बदलायची. राइट बंधूंनीही बदलली. सरळ उडणं जमलं होतं, आता वळायला शिकायचं होतं, आणि त्यासाठी वाऱ्यापेक्षा घराजवळ रोज जाता येणं महत्त्वाचं होतं. १९०४ मध्ये त्यांनी डेटनपासून ८ मैलांवरचं हफमन यांचं कुरण घेतलं. ट्राम जवळ थांबायची. मालकाने भाडं मागितलं नाही, उडवण्याआधी गाई-घोडे बाहेर काढा एवढंच सांगितलं. जमीन उंचवट्यांची, भोवती झाडं, आणि वारा मंद. वाऱ्याची उणीव भरून काढायला त्यांनी मनोरा उभारून वरून जड वजन खाली सोडायचं आणि त्या ओढीने यंत्र रुळावरून पुढे फेकायचं, अशी सोय केली. २० सप्टेंबर १९०४ ला त्या कुरणावर पहिल्यांदा पूर्ण वर्तुळ झालं, आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला ३९ मिनिटांत २४ मैल. तीच जागा १९०० मध्ये घेतली असती तर ग्लायडर जमिनीवरून उचललंच गेलं नसतं.

आमच्या मुलांचं "हफमनचं कुरण" म्हणजे गावाबाहेरचं भाताचं कापलेलं शेत. तिथे रबराच्या दोरीने ग्लायडर सोडतो आणि वळवायला शिकतो. निघताना प्रत्येक मुलाच्या वहीत त्या दिवसाच्या ओळी असतात: तारीख, वेळ, कापसाचे वीस आकडे, किती वेळा उडवलं, किती वेळा मोडलं. मागच्या नोव्हेंबरात सड्यावर नववीतल्या एका मुलीच्या वहीत शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी लिहिलं होतं, ४१ आणि १.